नव्या नगरभवनाची वास्तुशांत



घर बांधून पुरें झालें म्हणजे आपल्याकडे वास्तुशांत करतात. होमहवन होतें, आप्तेष्टांस बोलावणीं जातात, पंगती उठतात, आणि आलेला प्रत्येक माणूस माजघरापासून न्हाणीपर्यंत सारें घर फिरून पाहतो. यजमान दाराशीं हात जोडून उभा असतो. घरधनी कोण व पाहुणा कोण याविषयीं कोणाच्याहि मनांत संदेह राहत नाहीं. नगरपालिकेनें नवी इमारत बांधली आणि तिच्या उद्घाटनाचा बेत ठरला कीं मात्र हाच साधा प्रश्न अवघड होऊन बसतो. हें घर कोणाचें? ज्यांच्या घरपट्टीनें त्याचा पाया भरला त्यांचें, कीं जे फीत कापावयास येतात त्यांचें? नगरभवन म्हणजे काय, तें उघडण्याचे सोहळे कोठें कसे झाले आणि ते कसे व्हावेत, याचा विचार आज करावयाचा आहे. बारामती आणि इंदापूर हीं आमच्या बाजूचीं दोन गांवें डोळ्यांपुढें ठेवून मी बोलणार आहें. पण वाटेंत पुण्यामुंबईस मुक्काम केल्यावांचून या विषयाचा प्रवास पुरा होत नाहीं.

प्रथम वयाचा हिशेब पाहूं. बारामती व इंदापूर या दोन्ही गांवांच्या नगरपालिका १८६५ सालीं स्थापन झाल्या. म्हणजे मुंबईचें हल्लींचें महापालिकाभवन उभें राहण्याच्या अठ्ठावीस वर्षें आधींपासून या दोन गांवांत नगरपालिका नांदत आहेत. त्यांना आधार होता तो १८५० च्या सव्विसाव्या कायद्याचा. त्या वेळचे सभासद लोकांनीं निवडलेले नसत. सरकार ज्यांस नेमील ते सभासद, आणि अध्यक्षस्थानीं सरकारी अंमलदार. सभासदानें सभेस यावें, साहेबांचें म्हणणें ऐकावें आणि मान डोलवावी, एवढाच त्याचा बहुधा कारभार. पुढें लॉर्ड रिपन यांनीं १८ मे १८८२ रोजीं स्थानिक स्वराज्याचा प्रसिद्ध ठराव काढला, आणि निवडून आलेल्या सभासदांस हळूहळू जागा मिळूं लागली. स्वातंत्र्यानंतर १९६५ सालीं महाराष्ट्राचा नगरपालिकांविषयींचा एकत्रित कायदा झाला. १ जून १९९३ पासून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीनें नगरपालिकेस प्रत्यक्ष राज्यघटनेंत स्थान मिळालें आणि स्त्रियांसाठीं एकतृतीयांश जागा राखून ठेवण्यांत आल्या. पुढें महाराष्ट्रानें त्या निम्म्यापर्यंत नेल्या. सव्वाशें वर्षांच्या या वाटचालींत मान डोलावणाऱ्याची जागा मत देणाऱ्यानें घेतली, आणि नगरभवनाचा खरा अर्थ याच फरकांत आहे.

आमच्या गांवांतल्या जुन्या वास्तू पाहा, म्हणजे हा फरक डोळ्यांस दिसेल. बारामतीस बाबूजी नाईकांचा वाडा आहे. हे नाईक पेशव्यांचे आप्त आणि मोठे सावकार. कविवर्य मोरोपंत त्यांच्याच आश्रयास येऊन राहिले आणि १७९४ सालीं कऱ्हेच्या कांठींच त्यांचा देह पडला. इंदापूर हें शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे यांच्या मृत्यूचें ठिकाण. त्यांच्या नांवाची गढी तेथें दाखवितात. वाडा काय, गढी काय, या धन्याच्या जागा. तेथें रयतेनें जावयाचें तें अर्ज घेऊन, पायताण बाहेर काढून. त्यानंतर चावडी. ती गांवाची खरी, पण तिच्यावर अंमल सरकारी; तेथें सारा भरावयाचा व दवंडी ऐकावयाची. नगरभवन या दोन्हींहून वेगळें. तेथें जो कर भरतो त्यानेंच निवडून दिलेले लोक त्या कराचा विनियोग ठरवितात, निदान ठरवावा अशी अपेक्षा असते. पेशवाईंत अशी वास्तु नव्हती, कारण तिची गरज पडेल अशी राज्यपद्धतिच नव्हती.

येथें एक घोटाळा दूर केला पाहिजे. टाऊन हॉल आणि नगरपालिकेची कचेरी या दोन भिन्न गोष्टी आहेत. मुंबईचा टाऊन हॉल, ज्यांत एशियाटिक सोसायटीचें ग्रंथालय आहे, तो १८३३ सालीं पुरा झाला. त्याच्यासाठीं पैसा उभा करावयास लॉटरीचाहि प्रयोग झाला होता. तो सभासमारंभांसाठीं व विद्याव्यासंगासाठीं; कारभारासाठीं नव्हे. आपण ज्यास नगरभवन म्हणतों त्यांत रोजचें काम चालतें. खालच्या मजल्यावर घरपट्टी व पाणीपट्टी घेणारी खिडकी, जन्ममृत्यूची नोंद, आरोग्य व सफाई, बांधकामाचे परवाने. वर सभागृह, नगराध्यक्षांचें दालन व मुख्याधिकाऱ्यांची खोली. आणि कोठें तरी एका कोपऱ्यांत, बहुधा जिन्याखालीं, दप्तरखाना. या दप्तरखान्याविषयीं मला जरा अधिक बोलावेंसें वाटतें. कागदाचें मोल इंदापूरकरांस सांगावयास नको. मुंबई इलाख्यांतील रयतवारी पद्धतीची नवी मोजणी १८३६ सालीं गोल्डस्मिड व विंगेट या दोन अंमलदारांनीं इंदापूर तालुक्यांतच सुरू केली. तत्पूर्वीं प्रिंगलसाहेबांनीं बसविलेला सारा रयतेस झेपेना, जमिनी ओस पडूं लागल्या, म्हणून ही नवी मोजणी करावी लागली. कागदावरचा एक आंकडा चुकला म्हणजे गांवें कशीं उठून जातात, हें या तालुक्यानें पाहिलेलें आहे. घराची हद्द, मुलाची जन्मतारीख, विधवेच्या पतीच्या मृत्यूची नोंद, हें सारें ज्या खोलींत राहतें तिला ओल लागूं नये, तेथें उंदीर शिरूं नये, आग लागल्यास कागद वांचावा, यासाठीं काय केलें आहे, तें उद्घाटनास आलेल्या नागरिकानें प्रथम विचारावें. सभागृहाचीं झुंबरें पाहण्यास कोणाची ना नाहीं. पण तीं मागाहून.

आतां मुंबईकडे वळूं. बोरीबंदरासमोरची महापालिकेची इमारत आपणांपैकीं बहुतेकांनीं पाहिली असेल. तिची कोनशिला ९ डिसेंबर १८८४ रोजीं बसविली ती लॉर्ड रिपन यांनीं. स्थानिक स्वराज्याचा ठराव काढणारा व्हॉईसराय हिंदुस्थान सोडून निघाला असतां त्याच्या हातून नगरभवनाची कोनशिला बसावी, हा योग मोठा समर्पक होता. परंतु कोनशिला बसली आणि काम थांबलें. प्रत्यक्ष बांधकामास आरंभ झाला तो १८८९ सालीं, आणि इमारत पुरी झाली १८९३ मध्यें. कोनशिलेभोंवतीं गवत वाढणें ही कांहीं केवळ आमच्याच काळाची रीत नव्हे, एवढें समाधान यावरून मानतां येईल. मध्यंतरीं आराखड्यांची स्पर्धा झाली. चिझम यांचा आराखडा पौर्वात्य वळणाचा होता, स्टीव्हन्स यांचा गॉथिक वळणाचा. स्टीव्हन्स यांचा पसंत पडला. शेजारचें बोरीबंदराचें स्थानक हेंहि त्यांचेंच काम. या इमारतीची मला सर्वांत आवडणारी गोष्ट तिचा घुमट किंवा मनोरा नव्हे. सुमारें अकरा लाख रुपये लागलेली ही इमारत मंजूर रकमेहून कमी खर्चांत पुरी झाली. सार्वजनिक बांधकामाच्या इतिहासांत असें वाक्य लिहिण्याचा प्रसंग क्वचित् येतो, म्हणून तें मुद्दाम सांगितलें. दारासमोर पुतळा आहे तो कोणा लाटसाहेबाचा नव्हे, सर फिरोजशहा मेहता यांचा. १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्यावर त्यांच्या विचारांचा मोठा ठसा आहे.

पुण्याची गोष्ट निराळी, आणि माझ्या मतें अधिक बोधक. पुणें नगरपालिकेस पुष्कळ काळ स्वतःचें असें मोठें घर नव्हतें. कांहीं काळ तिचा कारभार मंडईच्या इमारतींतून चाले. पुढें तो विश्रामबागवाड्यांत गेला. म्हणजे एकदां भाजीच्या पाट्यांवर आणि एकदां बाजीरावाच्या वाड्यांत, असा पुण्याच्या नगरकारभाराचा संसार झाला. यांतील मंडईचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १८७६ पासून कांहीं वर्षें जोतीराव फुले हे पुणें नगरपालिकेचे नियुक्त सभासद होते. लॉर्ड लिटन व्हॉईसराय असतांना ते पुण्यास यावयाचे होते. त्यांच्या स्वागताप्रीत्यर्थ शहर शृंगारण्यासाठीं हजार रुपये खर्चावे, असा विषय सभेपुढें आला. सरकारनें नेमलेले सभासद. सरकारच्या मुख्याचें स्वागत. रक्कमहि नगरपालिकेच्या मानानें फार मोठी नव्हे. सर्वांनीं होकार दिला. एकट्या जोतीरावांनीं विरोधी मत नोंदविलें. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असें त्यांचें म्हणणें. पुढें भव्य मंडई बांधावयाची ठरली तेव्हांहि त्यांचा आक्षेप याच जातीचा होता. मंडई १८८६ सालीं पुरी झाली आणि तिला गव्हर्नर लॉर्ड रे यांचें नांव मिळालें. पुढें आचार्य अत्रे नगरपालिकेंत असतांना त्यांच्या पुढाकारानें तीच मंडई महात्मा फुले यांच्या नांवानें ओळखली जाऊं लागली. ज्यांनीं खर्चास विरोध केला त्यांचेंच नांव त्या वास्तूस लागावें!

जोतीरावांच्या त्या मताचा अर्थ आपण नीट समजून घेतला पाहिजे. ते कांहीं उत्सवद्वेष्टे नव्हते. त्या काळीं नगरपालिकांचें मुख्य उत्पन्न जकातीचें. गांवांत येणाऱ्या धान्यावर, तुपावर, सरपणावर जकात बसे, आणि ती व्यापाऱ्यानें भरली तरी निघे ती गिऱ्हाइकाच्या खिशांतून. शेरभर ज्वारी घेणारी मोलकरीण नगरपालिकेस पैसा देत होती, आणि तिला मत मात्र नव्हतें. तिच्या पैशांतून तोरणें उभारावयाचीं तर तिला न विचारतां उभारावयाचीं, असा तो व्यवहार होता. आज मत सर्वांस आहे, म्हणून आक्षेपाचें एक अंग गेलें. दुसरें अंग राहिलें आहे. ज्या वस्तींत नळाला तिसऱ्या दिवशीं पाणी येतें तेथील माणसास नव्या सभागृहाच्या संगमरवराविषयीं काय वाटावें? ज्यांनीं नगरभवन बांधलें त्यांनीं या प्रश्नावर रागावून चालणार नाहीं. उत्तर दिलें पाहिजे. उत्तर देतां येतेंहि. जुन्या कचेरींत पट्टी भरावयास म्हाताऱ्यांस दोन जिने चढावे लागत, दप्तर भिजत असे, झाडूवाल्यांस हजेरीच्या वेळीं पावसांत उभें राहावें लागे. आतां तसें होणार नाहीं, असें दाखवितां आलें तर खर्चाचें समर्थन होतें. दाखवितां आलें नाहीं, तर वाजंत्री कितीहि वाजली तरी तें होत नाहीं.

पुण्याची हल्लींची एक हकीकत सांगतों. महापालिकेच्या विस्तारित इमारतीचें उद्घाटन २१ जून २०१८ रोजीं उपराष्ट्रपति वेंकय्या नायडू यांच्या हस्तें झालें. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस उपस्थित होते. त्याच वेळीं जोराचा पाऊस आला, आणि नव्याकोऱ्या सभागृहांत छतांतून पाणी गळूं लागलें. दुसऱ्या दिवशीं वर्तमानपत्रांत उद्घाटनापेक्षां गळतीचीच चर्चा अधिक झाली. मला त्यांत कोणाची थट्टा करावयाची नाहीं. पण एक साधी गोष्ट आमच्या खेड्यांतील गवंड्यासहि ठाऊक असते. छत घातलें म्हणजे त्यावर कडेनें मातीचीं आळीं करून पाणी कोंडून ठेवावयाचें, आणि खालून पाहत राहावयाचें, कोठें ओल उतरते तें. घराला एक पावसाळा दाखवावा आणि मग रंग द्यावा, असें जुनीं माणसें म्हणत. उद्घाटनाची तारीख मोठ्या पाहुण्यांच्या सवडीवरून ठरते, आणि इमारतीस सवड आहे कीं नाहीं हें कोणी विचारीत नाहीं. दोष असेल तर या रीतीचा आहे. मृग लागल्यावर उद्घाटन करणाऱ्यानें तरी छतास आधीं विचारावें.

परदेशांत हे सोहळे कसे झाले तें थोडक्यांत सांगतों. स्वीडनची राजधानी स्टॉकहोम हिचें नगरभवन १९११ पासून बारा वर्षें बांधलें जात होतें. सुमारें ऐंशीं लक्ष विटा त्यास लागल्या. तें २३ जून १९२३ रोजीं उघडलें, कारण बरोबर चारशें वर्षांपूर्वीं, १५२३ च्या जूनमध्यें, गुस्ताव्ह वासा राजानें शहरांत विजयप्रवेश केला होता. तेथें तारीख ठरविली ती शहराच्या इतिहासानें. अमेरिकेंतील लॉस एंजेलिस शहराचें नगरभवन २६ एप्रिल १९२८ रोजीं उघडलें. तेव्हांचे अध्यक्ष कूलिज यांनीं हजारों मैल दूर वॉशिंग्टनमध्यें बसून तारायंत्राची कळ दाबली आणि मनोऱ्यावरचा दीप लागला. ही करामत अमेरिकेस शोभेशीच. पण त्याच इमारतीची दुसरी एक गोष्ट मला अधिक भावली. तिच्या काँक्रीटसाठीं कॅलिफोर्निया संस्थानाच्या अठ्ठावन्न जिल्ह्यांतून प्रत्येकीं थोडी वाळू आणि तेथील एकवीस जुन्या धर्ममठांचें पाणी आणलें होतें. आपल्याकडे कलशांत सप्तनद्यांचें जल घालतात तशीच ही कल्पना. बारामतीच्या पायांत कऱ्हेबरोबर नीरेचें आणि इंदापूरच्या पायांत भीमेचें तांब्याभर पाणी ओतलें तर त्यास खर्च पडत नाहीं, आणि गांव ज्या पाण्यावर जगतें त्याची आठवण मात्र दगडाखालीं राहते. नीरेचा डावा कालवा आणि उजनीचें धरण यांनीं या टापूचें दैव बदललें, हें काय मीं सांगावयास पाहिजे?

खरें पाहतां सार्वजनिक सोहळा कसा करावा हें बारामती-इंदापूरकरांस परक्यांपासून शिकावयाचें नाहीं. दरवर्षीं ज्येष्ठ-आषाढांत तुकोबारायांची पालखी देहूहून पंढरपुरास जातांना बारामतीस मुक्काम करते, पुढें सणसर, अंथुर्णें, निमगांव केतकी करीत इंदापुरास येते. बेलवाडीस व इंदापुरास गोल रिंगण होतें. त्या दिवशीं गांवाचा यजमान कोण असतो? एकटा नगराध्यक्ष नव्हे. तो वेशीवर सामोरा जातो खरा. पण घराघरांतून पिठलेंभाकरी निघते, न्हावी फुकट दाढी करतो, चांभार वारकऱ्याची वहाण शिवून देतो, शाळांच्या खोल्या निजावयास मोकळ्या होतात. नगरपालिका त्यांत काय करते? पाण्याचे टँकर, दिवाबत्ती, औषधें, तात्पुरतीं शौचालयें. आणि पालखी पुढें गेली कीं सफाई कामगार रातोरात गांव झाडून काढतात. त्यांचें नांव कोणत्याहि पत्रिकेंत नसतें, आणि त्यांच्यावांचून सोहळा तर होत नाहींच, दुसऱ्या दिवशीं गांवांत राहणेंहि कठीण होईल. या उत्सवांत प्रत्येकास कांहीं तरी काम असतें. म्हणून कोणी पाहुणा उरत नाहीं. नगरभवनाच्या उद्घाटनांत कापडी मांडव, पुढल्या रांगेंत सोफे, मागें खुर्च्या आणि त्यामागें दोरी. दोरीपलीकडे उभा असतो तो घरधनी.

म्हणून कांहीं व्यवहार्य सूचना कराव्याशा वाटतात. फीत कोणीहि कापावी. त्यावर वाद घालण्यांत अर्थ नाहीं. परंतु त्यानंतर तीन दिवस इमारतीचीं सर्व दारें मोकळीं ठेवावीं आणि प्रत्येक खात्याच्या कारकुनानें आपल्या मेजापाशीं उभें राहून येणाऱ्यास आपलें काम समजावून सांगावें. पाण्याच्या खात्यानें नळाचा नकाशा भिंतीवर लावावा. आपल्या घरीं पाणी कोठून येतें हें पाहावयास बायामाणसें आवडीनें थांबतील. जन्मनोंदीचें जुन्यांत जुनें बाड कांचेच्या पेटींत उघडें मांडावें. शाळांच्या मुलांस एक दिवस राखून द्यावा. माझ्या नोकरीच्या काळांत मी मुलांस नगरपालिका दाखवावयास नेत असें. नागरिकशास्त्राचा जो धडा वर्गांत महिनाभर घोकून डोक्यांत शिरत नसे तो पट्टीच्या खिडकीसमोर दहा मिनिटांत कळे. पहिल्या दिवशीं व्यासपीठावर पाथरवट, गवंडी, सुतार व सफाई कामगार यांस बसवावें, आणि त्यांस नारळ व शाल देण्याऐवजीं त्यांची मजुरी चुकती झाली आहे ना, याची आधीं खात्री करून घ्यावी. आणि दारावरच्या शिलालेखांत जेथें मान्यवरांच्या नांवांची उतरंड असते, तेथें खालीं एक ओळ अधिक कोरावी : मंजूर रक्कम इतकी, प्रत्यक्ष खर्च इतका. मुंबईकरांस ती ओळ अभिमानानें वाचतां येते.

शेवटचा मुद्दा सभागृहांतील प्रेक्षकांच्या सज्जाचा. नगरपालिकेची सर्वसाधारण सभा नागरिकांस ऐकतां येते, पण ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते, आणि ज्यांस ठाऊक असते त्यांतलेहि क्वचित् कोणी जातात. सभेची सूचना व विषयपत्रिका कचेरीच्या फलकावर लागते. फलक बहुधा दाराच्या डाव्याउजव्या हातास, जाळीच्या मागें असतो. उद्घाटनाच्या गर्दींत तो दिसावयाचा नाहीं. मांडव निघाल्यावर, पुढल्या आठवड्यांत पट्टी भरावयास जाल तेव्हां पाहावा. नव्या सभागृहांतील पहिल्या सभेंत बहुधा गटारांचा आणि गाळ काढण्याच्या ठेक्याचा विषय असेल. जातांना घरांतील मोठ्या मुलास बरोबर न्यावें, आणि सज्जांत पुढच्या बांकावर बसावें. तेथून आवाज चांगला ऐकूं येतो.